एकाच रुग्णाचे दोन एएनए अहवाल: चूक कुठे शोधायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. संधिवात आणि स्वयंप्रतिकार आजारांवरच्या संशोधन प्रकल्पात नव्याने रुजू झालेल्या एका विद्यार्थ्याकडे एकाच रुग्णाचे, एकाच आठवड्यातले दोन अहवाल आहेत. एकात एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्धची प्रतिपिंडं) १:३२० पॉझिटिव्ह, दुसऱ्यात निगेटिव्ह. खरा कोणता मानायचा? आणि पुढे स्वतः तीन-चारशे नमुने तपासायचे आहेत, तेव्हा हा घोळ कसा टाळायचा?

आधी त्या दोन अहवालांचं बघू. बहुधा दोन्ही बरोबर आहेत. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, ती वाचा. '१:३२०' असा टायटर (सीरम किती पट पातळ करूनही चकाकी दिसते तो आकडा) दिलाय, म्हणजे तपासणी हेप-२ पेशींवर, इम्युनोफ्लुओरेसन्सने, म्हणजे चिकटलेली प्रतिपिंडं चकाकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाली. दुसऱ्या अहवालात टायटर नसेल, नुसता दशांशातला आकडा आणि पुढे 'निगेटिव्ह' असेल, तर ती एलायझा (प्लेटवर रंग उमटवून मोजणारी चाचणी) किंवा मण्यांवरची मल्टिप्लेक्स चाचणी. हेप-२ ही अख्खी मानवी पेशी आहे, तिच्यात शंभराहून जास्त प्रतिजनं (प्रतिपिंडं ज्यांना चिकटतात ते रेणू) आपापल्या जागी असतात. स्क्रीनिंगच्या एलायझात उत्पादकाने निवडलेली मोजकीच प्रतिजनं वेलच्या (प्लेटवरच्या खळग्याच्या) तळाला चिकटवलेली असतात. रुग्णाचं प्रतिपिंड त्या यादीत नसलेल्या प्रथिनाविरुद्ध असेल, तर एक चाचणी उजळते आणि दुसरी गप्प राहते. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने हेप-२ वरचं इम्युनोफ्लुओरेसन्स हेच एएनएसाठी प्रमाण मानलं, ते याच कारणाने. (जाता जाता: ही पेशी स्वरयंत्राच्या कर्करोगातली म्हणून नोंदली गेली होती. पुढे ती हेला पेशींनी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या) कधीच गिळलेली निघाली. एएनएच्या कामाला त्याने काही बाधा येत नाही, पण शोधनिबंधात 'स्वरयंत्राच्या पेशी' असं लिहू नका.)

उलटंही होतं. रो प्रतिजन पेशीत कमी असतं आणि पेशी मेथॅनॉलने स्थिर केल्या तर आणखी कमी उरतं. त्यामुळे शोग्रेनचा (डोळे आणि तोंड कोरडं पाडणाऱ्या स्वयंप्रतिकार आजाराचा) स्पष्ट रुग्ण हेप-२ वर निगेटिव्ह आणि रो-एलायझात पॉझिटिव्ह येऊ शकतो. स्नायूंच्या दाहात आढळणाऱ्या जो-१ प्रतिपिंडाचं प्रतिजन तर केंद्रकात नसतंच, ते पेशीद्रवात असतं. काही लॅब केंद्रक उजळलं तरच 'पॉझिटिव्ह' लिहितात आणि पेशीद्रवातली चकाकी सोडून देतात. स्नायूंचा दाह असलेल्या रुग्णात हा आळस महागात पडतो. म्हणून तुमच्या नोंदपत्रकात 'पॉझिटिव्ह/निगेटिव्ह' असा एकच रकाना ठेवू नका. केंद्रक, पेशीद्रव आणि विभाजन होत असलेली पेशी असे तीन वेगळे रकाने ठेवा.

दोन्हीकडे हेप-२ च वापरलं असेल आणि तरीही १:३२० विरुद्ध निगेटिव्ह आलं असेल, तर मात्र खोदावं लागेल. टायटर दुपटीने मोजतात: ८०, १६०, ३२०, ६४०. एक पायरी मागे-पुढे होणं हा पद्धतीचा स्वभाव आहे, १:१६० आणि १:३२० यांना वेगळं समजू नका. दोन पायऱ्यांहून जास्त फरकाला कारण असतं. ते सहसा तीनपैकी एका जागी सापडतं: कॉन्जुगेट, सूक्ष्मदर्शकाचा दिवा किंवा वाचणाऱ्याचे डोळे.

कॉन्जुगेट म्हणजे फ्लुओरेसीन जोडलेलं, मानवी प्रतिपिंड पकडणारं दुसरं प्रतिपिंड. ते फक्त आयजीजी पकडणारं आहे की आयजीजी, आयजीए, आयजीएम असे प्रतिपिंडांचे सगळेच प्रकार, हे किटच्या माहितीपत्रकात पाहा. सगळं पकडणारं असेल तर निरोगी माणसांतली किरकोळ आयजीएम प्रतिपिंडंही उजळतात आणि कमी टायटरचे पॉझिटिव्ह भराभर वाढतात. संशोधनात फक्त आयजीजीचं वापरा. नवा लॉट आला की त्याची ताकद पुन्हा ठरवा: माहीत असलेल्या टायटरचं कंट्रोल सीरम घेऊन कॉन्जुगेट वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून पाहा. कंट्रोलचा टायटर जिथे जुळतो आणि निगेटिव्ह सीरम काळं राहतं, तेच प्रमाण धरा. दिव्याची गोष्ट सोपी असूनही सगळ्यांत दुर्लक्षित आहे. पाऱ्याच्या दिव्याचं आयुष्य साधारण दोनशे तासांचं असतं आणि उजेड हळूहळू मंदावतो. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण टायटर सहा महिन्यांत एक-दोन पायऱ्या घसरलेले असतात. तासांची वही ठेवा, किंवा एलईडी दिवा घ्या.

आता प्रत्यक्ष स्लाइड. फ्रिजमधून काढलेलं पाकीट लगेच फोडू नका. अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड काचेवर दव धरतं आणि पेशी सुटतात. सीरम १:८० पातळ करायचं असेल तर ५ मायक्रोलिटर सीरम आणि ३९५ मायक्रोलिटर फॉस्फेट बफर सलाइन, पीएच ७.२ ते ७.४. पुढच्या पायऱ्या निम्म्या-निम्म्याने: २०० घ्या, २०० बफरमध्ये मिसळा, दर वेळी टिप बदला. टिप न बदलता खाली उतरत गेलात तर टिपच्या भिंतीला चिकटलेलं घट्ट सीरम पुढे पुढे वाहत जातं आणि टायटर खोटा वाढतो. प्रत्येक वेलवर २५ ते ३० मायक्रोलिटर, ओलसर डब्यात ३० मिनिटं, खोलीचं तापमान. डब्यात ओला टिपकागद हवाच. वेल कडेने सुकली की तिथे हिरवी रिंग दिसते आणि नवखा माणूस तिला पॉझिटिव्ह म्हणतो. मग बफरने हलकेच धुवायचं, धार वेलवर न सोडता स्लाइडच्या मधल्या रेषेवर, म्हणजे एका रुग्णाचं सीरम दुसऱ्याच्या वेलमध्ये वाहणार नाही. नंतर बफरच्या भांड्यात पाच मिनिटं, बफर बदलून पुन्हा पाच. कॉन्जुगेट ३० मिनिटं अंधारात, परत तसंच धुणं, ग्लिसरीनचं माउंटिंग, वर कव्हरस्लिप. बुडबुडा राहिला तर दाबू नका, कव्हरस्लिप सरकली की पेशी खरवडल्या जातात. त्याच दिवशी वाचा.

दर स्लाइडवर एक निगेटिव्ह कंट्रोल, एक ठळक पॉझिटिव्ह आणि एक काठावरचा, १:८० किंवा १:१६० चा. काठावरचा कंट्रोल बहुतेक जण वगळतात, कारण किटमध्ये तो मिळत नाही. पण ठळक पॉझिटिव्ह तर बिघडलेल्या दिव्याखालीही उजळतो, बिघाड ओळखून देतो तो काठावरचाच. स्वतःच्या साठ्यातलं एक सीरम निवडा आणि त्याचे शंभरेक छोटे भाग करून ठेवा. वर्षभर तेच पुरेल.

वाचताना आधी २० च्या ऑब्जेक्टिव्हने फिरा, मग ४० ने. नजर नेहमी विभाजन होत असलेल्या पेशींकडे न्या. शांत (विभाजन होत नसलेल्या) पेशींत दोन पॅटर्न सारखे दिसतात, विभाजनात ते फाकतात. मधोमध गुणसूत्रांची पट्टी एकसंध उजळली आणि शांत केंद्रकंही गुळगुळीत उजळलेली असतील, तर होमोजिनस, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एसी-१. पट्टी काळी आणि आजूबाजूला ठिपके असतील तर एसी-४ किंवा एसी-५. शांत केंद्रकात साधारण चाळीस ते साठ ठसठशीत ठिपके आणि विभाजनात तेच ठिपके पट्टीवर ओळीने बसलेले असतील, तर सेंट्रोमिअर, एसी-३, स्क्लेरोडर्माच्या (त्वचा घट्ट होत जाणाऱ्या आजाराच्या) मर्यादित प्रकाराचा. सगळ्यांत जास्त फसगत एसी-२ ने होते. त्यात पट्टी उजळते, म्हणून होमोजिनस लिहिलं जातं. पण शांत केंद्रकात बारीक, दाट, एकमेकांपासून सुट्या कणांचा रवा असतो. डीएफएस-७० या प्रथिनाविरुद्धचं हे प्रतिपिंड एकटंच असेल तर ल्यूपससारख्या (अनेक अवयवांवर हल्ला करणाऱ्या) स्वयंप्रतिकार आजाराची शक्यता उलट कमी होते. म्हणजे एसी-१ आणि एसी-२ यांची अदलाबदल ही नुसती वर्गीकरणातली चूक राहत नाही, अर्थच उलटा होतो. दोन वाचक, दोघांनाही रुग्णाचं निदान माहीत नाही, एकमेकांचं उत्तरही दिसत नाही आणि मतभेद झाला तर तिसरा. यात सवलत देऊ नका.

टायटरचा अर्थ लावताना एक आकडेवारी पाठ असावी. १९९७ मध्ये एंग टॅन आणि सहकाऱ्यांनी १५ लॅबमधून निरोगी माणसांची सीरम तपासून घेतली. १:४० ला ३१.७ टक्के पॉझिटिव्ह, १:८० ला १३.३, १:१६० ला ५ आणि १:३२० ला ३.३ टक्के. आता हिशेब करा. नुसती सांधेदुखी आणि थकवा असलेले १००० लोक घ्या आणि त्यांतल्या ५ जणांना खरोखर ल्यूपस आहे असं धरा. १:८० वर ते पाचही बहुधा पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९५ मधले १३.३ टक्के म्हणजे सुमारे १३२ जणही येतील. एकूण १३७ पॉझिटिव्ह, त्यांत आजारी ५, चार टक्क्यांहूनही कमी. २०१९ च्या युरोपीय-अमेरिकन ल्यूपस निकषांत १:८० चा एएनए हा फक्त प्रवेशाचा दरवाजा ठेवलाय तो यामुळेच. त्याला स्वतःचे गुण नाहीत. दरवाजातून आत आल्यावर बाकीच्या लक्षणांतून १० गुण भरावे लागतात, त्यांत किमान एक क्लिनिकल लक्षण हवं. डीएसडीएनए (दुपदरी डीएनए) किंवा स्मिथ या प्रतिजनाविरुद्धच्या प्रतिपिंडाला ६ गुण, मूत्रपिंडाच्या बायोप्सीत तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गाचा दाह असेल तर एकट्यालाच १०.

इथेच संशोधकाचा एक सापळा आहे. तुमचे रुग्ण या निकषांनी निवडले असतील तर ते सगळेच एएनए पॉझिटिव्ह असणार. मग त्याच गटावर 'आमची नवी एएनए चाचणी ९९ टक्के रुग्ण पकडते' असं लिहिणं म्हणजे स्वतःच ठेवलेली वस्तू शोधून काढणं. चाचणी तपासायची तर रुग्ण निवडताना ती चाचणी बाजूला ठेवावी लागते.

आता नमुन्याकडे. स्वप्रतिपिंडांच्या कामात बिघाड बहुतेक वेळा रक्त काढल्यापासून फ्रीझरपर्यंतच्या टप्प्यात होतो. ५ मिली रक्त साध्या ट्यूबमध्ये, उभं ठेवून ३० ते ६० मिनिटं गोठू द्या. घाईने फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि पिपेटची टिप तुंबते. मग १५०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोराने) १० ते १५ मिनिटं फिरवा. पद्धतीत 'मिनिटाला ३००० फेरे' एवढंच लिहिणारे खूप असतात. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला ३००० फेरे म्हणजे सुमारे १५०० जी, पण १० सेंटिमीटरच्या रोटरला जेमतेम १००० जी. यंत्र बदललं की आकडा बदलतो, म्हणून जी लिहा. हाती सुमारे २ मिली सीरम येईल. २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा, एक भाग एकदाच वितळवायचा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर वापरू नका, तो दिवसातून अनेकदा गरम-थंड होत असतो. आणि वितळवल्यावर ट्यूब पाच-सहा वेळा हळूच उलटीसुलटी करा. गोठून वितळताना प्रथिनं तळाशी जमतात. वरचं पाणचट सीरम उचललंत तर टायटर पडतो आणि दोष किटला जातो.

आयजीजी चिवट असतं, ४ अंशांवर काही दिवस टिकतं. कॉम्प्लिमेंटचं (प्रतिपिंडांना साथ देणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या साखळीचं) काम करायचं असेल तर ही ढिलाई चालत नाही. एकूण कार्यक्षमता मोजायची, म्हणजे सीएच-५०, तर काही तासांत सीरम वेगळं करून उणे ८० ला गेलंच पाहिजे. सी-३, सी-४ ही साखळीतली प्रथिनं व्यवस्थित आणि सीएच-५० शून्याजवळ असा निकाल आला तर दुर्मिळ जन्मजात कमतरता शोधण्याआधी ट्यूब किती वेळ बाहेर होती ते विचारा.

क्रायोग्लोब्युलिनचं तर सगळंच उलटं. ही प्रथिनं थंडीत गोठून खाली बसतात आणि ३७ अंशांवर पुन्हा विरघळतात. रक्तवाहिन्यांचा दाह, हिपॅटायटिस सी, शोग्रेन अशा रुग्णांत ती शोधावी लागतात. सुई आणि ट्यूब आधीच ३७ अंशांवर गरम, रक्त ३७ अंशांच्या पाण्यात ठेवूनच लॅबपर्यंत, गोठणंही ३७ ला आणि फिरवणंही गरम रोटरमध्ये. सीरम वेगळं झाल्यावरच ते ४ अंशांवर ठेवायचं आणि किमान ७२ तास, शक्यतो सात दिवस, गाळ बसतो का पाहायचं. बसला तर काही भाग ३७ ला परत विरघळतो का तेही पाहायचं. न विरघळणारा गाळ बहुतेकदा फायब्रिनचा असतो. आता कल्पना करा, इतर नमुन्यांसारखं हे रक्तही बर्फाच्या पिशवीसोबत पाठवलं. क्रायोग्लोब्युलिन वाटेतच गोठतं, रक्ताच्या गुठळीसोबत खाली जातं आणि वरचं सीरम स्वच्छ निगेटिव्ह येतं. पायावर जांभळे ठिपके, सी-४ खाली, रुमॅटॉइड फॅक्टर खूप वर आणि क्रायोग्लोब्युलिन निगेटिव्ह असा रुग्ण दिसला तर नमुना पुन्हा घ्या, गरम ट्यूबमध्ये.

रुमॅटॉइड फॅक्टरचा विषय निघालाच आहे तर सायटोकाइनच्या (पेशी एकमेकींना निरोप देतात त्या प्रथिनांच्या) एलायझाबद्दल सांगतो, कारण नव्या प्रकल्पात हे हमखास घडतं. सँडविच एलायझात खाली एक प्रतिपिंड, मधे मोजायचं प्रथिन, वर दुसरं प्रतिपिंड. रुमॅटॉइड फॅक्टर हे प्रतिपिंडाच्या शेपटीला, एफसी भागाला, चिकटणारं प्रतिपिंड. ते प्राण्यांच्या प्रतिपिंडांनाही चिकटतं. मग मधे सायटोकाइन नसतानाही ते खालचं आणि वरचं प्रतिपिंड आपणच जोडून देतं आणि रंग उमटतो. परिणाम असा की रुमॅटॉइड रुग्णांत इंटरल्यूकिन (सायटोकाइनचाच एक गट) 'प्रचंड वाढलेलं' दिसतं, निरोगी गटात दिसत नाही आणि आलेख देखणा होतो. तपासणं अवघड नाही. नमुना २, ४, ८ पट पातळ करा. खरं प्रथिन असेल तर पातळपणाने गुणलेलं उत्तर जवळपास तेच येतं, हस्तक्षेप असेल तर कोसळतं. दुसरं, खालचं प्रतिपिंड बदलून त्याच प्राण्याचं असंबद्ध प्रतिपिंड लावलेली काही वेल ठेवा. तिथेही रंग आला तर ते प्रथिन नाही. त्यावर उपाय म्हणजे हेटेरोफाइल (प्राण्यांच्या प्रतिपिंडांना चिकटणारी) प्रतिपिंडं अडवणारं द्रावण किंवा त्या प्राण्याचं साधं आयजीजी पातळ करण्याच्या बफरमध्ये घालणं. आणि रुग्णाला विचारा, केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू आहेत का. बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालणाऱ्या यंत्रांचे आकडे त्याने वर किंवा खाली जातात.

सीसीपी (सिट्रुलीन असलेल्या वर्तुळाकार पेप्टाइडविरुद्धच्या) प्रतिपिंडांचं काम १९९८ पासून बहरलं, जेव्हा शेलेकेन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुमॅटॉइड रुग्णांची प्रतिपिंडं सिट्रुलीन ओळखतात. सिट्रुलीन म्हणजे पीएडी एन्झाइमने बदललेलं आर्जिनीन. इथला आवश्यक कंट्रोल म्हणजे तोच पेप्टाइड, फक्त सिट्रुलीनच्या जागी आर्जिनीन. क्षयरोगाच्या काही रुग्णांत सीसीपी पॉझिटिव्ह येतो, पण त्यांची प्रतिपिंडं आर्जिनीनच्या पेप्टाइडलाही तितकीच चिकटतात. म्हणजे ती सिट्रुलीन ओळखतच नसतात. ही एक जादा प्लेट लावायचा कंटाळा केला तर हा भेद कधीच कळत नाही.

डीएसडीएनएसाठी आधी एलायझा करा, पण पॉझिटिव्ह नमुने क्रिथिडिया ल्युसिलीवर पक्के करा. या सूक्ष्मजीवाच्या कायनेटोप्लास्टमध्ये दुपदरी डीएनए गच्च भरलेला असतो. १:१० ला वाचताना फक्त कायनेटोप्लास्ट पाहा. केंद्रक किंवा शेपटीचं बूड उजळलं तर ते धरायचं नाही. एलायझा हलकं चिकटणारी प्रतिपिंडंही मोजतो, म्हणून तिथे निदान सैल होतं. आजाराचा चढ-उतार मात्र एलायझाच्या आकड्याने आणि सी-३, सी-४ सोबत बघता येतो. एएनएचा टायटर पुन्हा पुन्हा करून तसं काही कळत नाही, तो खर्च वाचवा.

आता माणसांची निवड. नुसते निरोगी कंट्रोल घेतलेत तर कोणतीही चाचणी चांगली दिसते. खरा प्रश्न ल्यूपस आणि निरोगी यांत फरक करण्याचा नसतो. तो ल्यूपस आणि ल्यूपससारखं दिसणारं यांत असतो: विषाणूंचा संसर्ग, थायरॉइडचे स्वयंप्रतिकार आजार, यकृताचे आजार, हायड्रालाझिन किंवा टीएनएफविरोधी औषधांनी आलेले एएनए. असे रोगी-कंट्रोल निरोगींइतकेच घ्या. ल्यूपसच्या रुग्णांत दहापैकी नऊ स्त्रिया असतात, तेव्हा कंट्रोलमध्येही वय आणि लिंग जुळवा. स्टेरॉइड सुरू होण्याआधीचा नमुना मिळाला तर उत्तम, नाही तर मात्रा आणि दिवस लिहून ठेवा. निरोगी गटातला एएनए पॉझिटिव्ह माणूस 'खोटा पॉझिटिव्ह' म्हणून लगेच वगळू नका. अमेरिकी संरक्षण खात्याच्या सीरम साठ्यातून २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात ल्यूपसच्या १३० रुग्णांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाआधीच किमान एक स्वप्रतिपिंड सापडलं, काहींत नऊ वर्षांहून आधी. आधी एएनए, रो, ला ही प्रतिपिंडं, मग डीएसडीएनए, स्मिथचं प्रतिपिंड निदानाच्या अगदी जवळ. रो पॉझिटिव्ह स्त्री तर स्वतः पूर्ण निरोगी असली तरी तिला गर्भधारणेआधी कळवायला हवं, कारण बाळाला जन्मजात हार्ट ब्लॉक (हृदयाच्या ठोक्यांचा संदेश अडणं) होण्याचा धोका एक ते दोन टक्के असतो. अशी माहिती सहभागी व्यक्तीपर्यंत कशी पोहोचवायची, हे संमतीपत्रात आधीच लिहून घ्या. नंतर नैतिकता समितीकडे धावाधाव होते.

आणि प्लेटवर रुग्ण आणि कंट्रोल मिसळूनच लावा. सगळे रुग्ण सोमवारी आणि सगळे कंट्रोल मंगळवारी लावले तर तुम्ही आजार मोजत नाही, सोमवार मोजता. ताजे रुग्ण आणि पाच वर्षं फ्रीझरमध्ये पडलेले कंट्रोल ही त्याचीच थोडी सभ्य आवृत्ती. किटचा लॉट प्रकल्पाच्या मध्येच बदलणार असेल तर जुन्या लॉटवर वाचलेले निदान वीस नमुने, काठावरचे जास्त, नव्या लॉटवर पुन्हा वाचा आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी लिहा. लॉट क्रमांक, कॉन्जुगेटचं प्रमाण, दिव्याचे तास, वाचकाचं आद्याक्षर आणि ट्यूब कितव्यांदा वितळली, हे पाच रकाने प्रत्येक नमुन्यासमोर भरा. तुमचे ते दोन अहवाल या पाचांपैकी एकही सांगत नाहीत. म्हणून एकाच ट्यूबमधलं सीरम घेऊन दोन्ही पद्धतींनी एकाच दिवशी पुन्हा लावा.